आमटी छान झालीय

आमचे हे निवृत्त झाले तेव्हा कारखान्यातल्या लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला असणार, याबद्दल मला शंका नाही. पिंपरीच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं ते तयार मालाची तपासणी करत होते. म्हणजे माल नापास करण्याचाच पगार घेत होते म्हणा ना. घरी आल्यावर ही सवय चपलांबरोबर दाराशी काढून ठेवावी, तर छे! पोळी जाड, चहा पाणचट, पाहुणे लांबलेले आणि माझं बोलणं त्याहून लांबलेलं. नाक तर असं, की जिन्यात असतानाच यांना कळायचं, वर फोडणी करपलीय. दार उघडलं की “काय जाळलंस?” हाच नमस्कार. आमटीत हिंग चिमूटभर कमी पडला, तर ताटावर बसायच्या आधी कळायचं.

मीही काही गरीब गाय नव्हे. प्राथमिक शाळेत तीस वर्षं साठ-साठ पोरं नुसत्या नजरेनं बसवलेली बाई आहे. “हिंग कमी वाटत असेल तर डबी घ्या आणि चाटा,” असं मी यांना सुनावलेलं आहे, तेही सासूबाईंसमोर. कर्वेनगरच्या आमच्या इमारतीत चौदा बिऱ्हाडं आहेत आणि संध्याकाळी टीव्ही बंद ठेवून आमची भांडणं ऐकण्यात त्यांनी बराच काळ सुखात घालवला आहे.

निवृत्तीनंतर हे सोसायटीचे सेक्रेटरी झाले. दुसरं कोणी तयार नव्हतं आणि यांना कुणाचं तरी काहीतरी नापास करायला हवंच होतं. जिन्याखाली एक काळा फळा आहे, त्यावर सूचना लिहायच्या. पण फळ्यावर लिहायच्या आधी सूचना एका दोनशे पानी वहीत उतरवायची, वर तारीख, खाली सही. फळा पुसला जातो, वही राहते, असं यांचं म्हणणं. कारखान्यातली सवय. वहीतल्या दोन-तीन सूचना मला पाठ आहेत. “उद्या सकाळी पाणी येणार नाही. त्यासाठी आजच दोनदा अंघोळ करून ठेवण्याचा उपयोग नाही. पाणी भरून ठेवावे.” “दुसऱ्याची दुचाकी पाडल्यास उचलून ठेवावी. तेवढी ताकद नसल्यास दुचाकी घेऊ नये.” “लिफ्टमध्ये उड्या मारू नयेत. ती आधीच स्वतःच्या मर्जीनं चालते.” लोक चिडायचे, पण वाचायचे. पाणी मात्र सगळे भरून ठेवायचे.

हे बदलले, ते पहिल्यांदा कधी, हे मला अगदी नेमकं सांगता येतं. आणि हीच माझी अडचण आहे.

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी उपमा केला होता. यांनी ताटली रिकामी केली, चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, “छान झालाय.” मला आधी वाटलं, पुढे काहीतरी येणार. ‘छान झालाय, भिंतीला लावायला’, असं काहीतरी. मी ओट्याला टेकून वाट बघत उभी राहिले. पुढे काहीच आलं नाही. हे उठले, हात धुतले आणि खुर्चीत जाऊन बसले. अडतीस वर्षांच्या संसारात माझ्या हातच्या पदार्थाला हे पहिल्यांदा छान म्हणाले होते. खोटं कशाला सांगू, मला गुदगुल्या झाल्या. त्या दिवशी मी दुपारी झोपलेच नाही.

मग हळूहळू सगळंच छान व्हायला लागलं. पोळी छान, भाजी छान, माझी नवी साडी छान. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी आमच्या खिडकीवर पाणी गळेल अशी कुंडी ठेवली, तर हे म्हणाले, “असू दे.” पूर्वी त्या कुंडीवर वहीचं एक पान गेलं असतं. फळ्यावरच्या सूचना गोड झाल्या. “सर्वांना नम्र विनंती आहे.” “जमल्यास पहावे.” जिन्यात भेटणारा प्रत्येक माणूस माझं अभिनंदन करायला लागला. “काय वहिनी, साहेबांना काय खायला घातलंत?” हिंजवडीला नोकरी करणारी आमची लेक शनिवारी यायची, ती म्हणाली, “आई, बाबा एकदम चिल झालेत ना? मेडिटेशन वगैरे करतात का?” मी म्हटलं, “वय झालं की माणूस निवळतो.” असं म्हणताना माझा आवाज जरा मोठा निघाला, हे मला आजही आठवतं.

कारण मला संशय आला होता. मी शिक्षिका आहे हो. पहिल्या बाकावरचा मुलगा अचानक शहाण्यासारखा गप्प बसायला लागला, की त्याला ताप तर नाही ना, हे मी कपाळाला हात लावून बघायची. नवऱ्याच्या कपाळाला मात्र हात लावला नाही.

श्रावणात एकदा न राहवून मी परीक्षा घेतली. आमच्या हिंगाची पत्र्याची डबी आहे, झाकण इतकं घट्ट की चमच्याच्या दांड्यानं उचकटावं लागतं, आणि उघडताना ते टक् करून वाजतं. त्या दिवशी मी डबीला हातच लावला नाही. आमटीला नुसती मोहरीची फोडणी. हिंग नाही, गोडा मसालाही नाही. अशी आमटी मी कुत्र्यापुढेही ठेवली नसती. वाटी यांच्या ताटात ठेवली आणि समोर बसले. यांनी वाटी तोंडाला लावली, प्याले, आणि म्हणाले, “आमटी छान झालीय.”

त्या क्षणी मला कळलं, की काहीतरी बिघडलंय. वास जातोय की डोकं जातंय, हे नाही कळलं, पण बिघडलंय हे कळलं. आणि मी काय केलं? उरलेल्या आमटीला नीट फोडणी दिली आणि गप्प बसले. कुणाला म्हणून सांगितलं नाही. लेकीला नाही, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना नाही. मला ते ‘छान’ हवं होतं. इतकी वर्षं वाट बघून मिळालेलं होतं, ते औषध देऊन बंद करायचं माझ्या जिवावर आलं. याला दुसरं कुठलंही नाव मी देणार नाही.

पुढे हे नुसते गोड राहिले नाहीत, मंद होत गेले. खुर्चीत बसले की तासन्‌तास बसायचे. वर्तमानपत्र हातात, पण पान उलटलेलं नसायचं. दोनदा संडासापर्यंत पोचायच्या आत पायजमा ओला झाला, तर त्याचीही लाज वाटली नाही. ज्या माणसाला शर्टाची इस्त्री मोडलेली चालत नव्हती, तो माणूस! मी स्वतःला सांगत राहिले, की वय झालं.

पुढच्या वर्षी वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी गॅसवर मंद आचेवर दूध ठेवलं आणि खाली आंबे, फणसाचे गरे आणायला गेले. यांना सांगितलं, दुधाकडे बघा. हे “हो” म्हणाले. परत येते तो दुसऱ्या मजल्यापासूनच गॅसचा वास. वरच्या बाई, त्याच कुंडीवाल्या, आमच्या दारावर धडाधड मारत होत्या. मी किल्ली लावली. दूध उतू जाऊन शेगडी विझलेली, गॅस सुरू, घरभर वास. आणि ओट्यापासून चार पावलांवर हे खुर्चीत शांत बसलेले. माझ्याकडे बघून हसले. “आलीस? छान.”

त्या बाईंनी आत घुसून सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या आणि विजेच्या बटणाला कुणी हात लावू नका म्हणून ओरडल्या. मी दारात आंब्यांची पिशवी धरून उभी होते. माझ्या तोंडून एवढंच निघालं, “अहो, तुम्हाला वास नाही आला?” हे म्हणाले, “कसला?”

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी यांना डोळे मिटायला सांगून नाकाशी आधी कापूर धरला, मग कॉफीची पूड. “काय आहे, सांगा.” यांना काही सांगता येईना. आपण आपले साधे डॉक्टर समजतो, पण त्यांनी लगेच चिठ्ठी लिहिली, डोक्याचा एमआरआय. दोन दिवसांनी आम्ही मेंदूच्या सर्जनबाईंसमोर बसलो होतो.

बाई चाळिशीच्या, केस घट्ट बांधलेले, बोलणं मोजकं. त्यांनी पडद्यावर चित्र लावलं. कपाळाच्या मागे, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध, मोसंब्याएवढा पांढरा गोळा. मोसंबं! यांच्या डोक्यात! लेकीनं माझा हात धरला. बाई म्हणाल्या, “ही गाठ मेंदूतून निघालेली नाही, मेंदूच्या आवरणातून निघालेली आहे. बहुतेक वेळा अशा गाठी कर्करोगाच्या नसतात. वर्षानुवर्षं हळूहळू वाढतात, मेंदू बिचारा सरकून जागा देत राहतो आणि वरून काही कळत नाही. ही बरोबर नाकाच्या छतावर बसली आहे. वासाच्या नसा तिथूनच जातात, म्हणून वास आधी गेला. आणि तिनं दाबलाय तो मेंदूचा पुढचा भाग. माणसाचा पुढाकार, भान, लाजलज्जा, नको त्याला नको म्हणणं, हे सगळं तिथून चालतं.”

“म्हणजे बाबा शांत झालेले नाहीत?” लेकीनं विचारलं.

“नाही,” बाई म्हणाल्या. “बंद पडत चाललेत.”

मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, “काकू, स्वभावातला बदल कधीपासून जाणवतोय?”

मी म्हटलं, “झाले असतील दोन-तीन महिने.”

माझ्या तोंडून ते सहज निघालं. तीस वर्षं पोरांचं खोटं पकडलं आणि स्वतः खोटं बोलताना जीभ अडखळलीसुद्धा नाही.

“आणि आधी कसे होते?”

आता हे कसं सांगायचं? खडूस होते म्हणावं, तर अर्धं पुणं ऑपरेशनच्या टेबलावर झोपवावं लागेल. लेक म्हणाली, “मॅम, बाबांची नोटिसांची वही आहे. ती दाखवू का? त्यात सगळे बाबा आहेत.” बाई म्हणाल्या, आणा. दुसऱ्या दिवशी लेकीनं वही नेऊन टेबलावर ठेवली. मला ते सुचलं नव्हतं, आणि सुचलं असतं तरी मी नेली नसती.

बाईंनी पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. दोनदा अंघोळ करण्यापाशी त्यांनी तोंडावर हात धरला. दुचाकीपाशी मोठ्यानं हसल्या. मग पानं उलटत गेल्या आणि हसू कमी होत गेलं. “नम्र विनंती.” “जमल्यास पहावे.” पुढे ओळी उजवीकडे खाली घसरायला लागल्या होत्या. एक सूचना तीन दिवस तशीच्या तशी तीनदा लिहिलेली होती. शेवटच्या पानावर नुसतं “उद्या पाणी” आणि सही. मी ती वही कधी उघडून बघितली नव्हती. बघितली असती तर माझीच छाती झाली नसती पुढे गप्प बसायची.

बाई मागे गेल्या, एका पानावर बोट ठेवलं. गेल्या वर्षीच्या पाडव्याच्याही आधीची तारीख. “काकू, हे दोन-तीन महिन्यांचं नाही. सव्वा वर्षाचं आहे. इथून बघा.”

त्या माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांच्या टेबलावरच्या पेनांच्या डब्याकडे बघत होते. बाहेर आल्यावर लेकीनं विचारलं, “आई, तुला माहीत होतं?”

मी म्हटलं, “हो.” आणि तिला हिंगाचं सगळं सांगितलं, दवाखान्याच्या व्हरांड्यात, उभ्याउभ्या. ती म्हणाली, “मलापण आवडत होतं गं ते.” आम्ही दोघी तिथल्या बाकावर बसून रडलो. समोरून स्ट्रेचर गेलं, आम्ही पाय आत घेतले आणि पुन्हा रडलो.

सर्जनबाईंनाही मी हिंगाचं सांगितलं आणि सरळ विचारलं, “मी आधी आणलं असतं तर?” त्या म्हणाल्या, “गाठ थोडी लहान मिळाली असती. काम थोडं सोपं झालं असतं. ती कितीतरी वर्षांपासून वाढतेय काकू, त्या बिनहिंगाच्या आमटीच्या फार आधीपासून. आता रडू नका, सही करा.” अशी बाई मला आवडते.

सहीच्या आधी त्यांनी सगळं बजावलं. रक्तस्राव होऊ शकतो, सूज येऊ शकते, फिट येऊ शकते, जंतुसंसर्ग होऊ शकतो. नजरेच्या नसा जवळ आहेत. वास मात्र परत येणार नाही, ते धरून चाला. “आणि स्वभाव?” मी विचारलं. “बराचसा येतो. किती येईल, ते सांगता येत नाही. कधीकधी वेळ लागतो.” मी सही केली. मला तो बराचसा माणूस नको होता, पूर्ण हवा होता. पण असं लिहायला त्या कागदावर जागा नव्हती.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी यांचे केस काढले. टक्कल झालेले हे खाटेवर बसून खिडकीतून रस्त्यावरची वाहनं बघत होते. लेक औषधं आणायला गेली होती. मी खुर्ची जवळ ओढली आणि म्हटलं, “अहो, मला एक सांगायचंय. श्रावणात मी आमटीत हिंग टाकला नव्हता. मुद्दाम. तुम्हाला कळलं नाही. मला तेव्हाच समजलं होतं, की तुम्हाला काहीतरी झालंय. मी कुणाला सांगितलं नाही. तुम्ही छान छान म्हणत होतात, मला बरं वाटत होतं, म्हणून सांगितलं नाही. दहा महिने.”

यांनी माझ्याकडे बघितलं. हसले. माझ्या हातावर थोपटलं. “असू दे गं. आमटी छान होती.”

त्या हसण्यानं माझं काळीज चिरलं. दुसऱ्या कुठल्या बाईला वाटेल, नवऱ्यानं माफ केलं, सुटले. अहो, कुणी माफ केलं? वरच्या बाईंच्या कुंडीला ज्यानं असू दे म्हटलं, पायजमा भिजला तरी ज्यानं असू दे म्हटलं, त्यानंच मलाही म्हटलं. ते यांचं नव्हतं, त्या मोसंब्याचं होतं. मला यांच्याकडून ऐकायचं होतं. यांनी ओरडायला हवं होतं, अबोला धरायला हवा होता, चार दिवस माझ्या हातचा चहा नाकारायला हवा होता. ज्या माणसाचा मी गुन्हा केला, तो माणूस तिथं नव्हताच. आणि उद्या तो परत येईल की नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

सकाळी आठला आत नेलं. आम्ही बाहेर. मेंदूचं ऑपरेशन म्हणजे एकच काहीतरी भयंकर असतं, असा माझा समज होता. त्या बाकांवर बसल्यावर कळलं, की तसं नाही. माझ्या शेजारी अमरावतीकडची एक तरुण बाई होती, नवरा हिंजवडीला कंपनीत. तिचे सासरे दीड महिन्यापूर्वी स्वारगेटला एसटीतून उतरताना डोक्यावर पडले होते. टेंगूळ आलं आणि गेलं, सगळे विसरले. रक्त मात्र आत झिरपत राहिलं. आता चालताना झोकांड्या जायला लागल्या, तेव्हा फोटो काढला. “दोन भोकं पाडतात म्हणे अन्‌ रक्त काढून टाकतात,” ती म्हणाली. “दोन दिवसांत चालतील म्हणते डॉक्टर. काकू, तुम्ही काहून एवढं टेन्शन घेता?” पलीकडे कुणाच्या मेंदूत पाणी साचलं होतं, ते नळीनं पोटात उतरवणार होते. कुणाची रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगली होती, तिला चिमटा लावायचा होता. एका गृहस्थांना तर डॉक्टरांनी सांगितलं होतं, तुमची गाठ इवलीशी आहे, तिला हात लावायचा नाही, सहा महिन्यांनी फोटो काढून बघू. ते गृहस्थ सगळ्यात जास्त घाबरलेले होते. त्या अमरावतीच्या मुलीनं मला बळेबळे दोन दशम्या खायला लावल्या. गूळ घातलेल्या, उत्तम झाल्या होत्या. मी तिला तसं सांगितलंसुद्धा. मला जड गेलं नाही.

दुपारी साडेतीनला सर्जनबाई बाहेर आल्या, टोपी काढली. “निघाली. जवळजवळ सगळी. पेशंट ठीक आहे.” मी त्यांच्या पायाच पडायला निघाले होते, त्यांनी दंडाला धरून उभी केली. “काकू, मी अजून चहा प्यायले नाहीये.”

दुसऱ्या दिवशी आयसीयूत मला आत सोडलं. डोक्याला मोठं बँडेज, डोळे सुजून बारीक झालेले. सिस्टरनं यांना नाव विचारलं, यांनी सांगितलं. बोट दाबा म्हटलं, दाबलं. मग ती म्हणाली, “काका, आता कसं वाटतंय?”

“छान,” हे म्हणाले.

जगातल्या सगळ्या बायकांना तो शब्द ऐकून हायसं वाटलं असतं. मी बाहेर येऊन भिंत धरली. सर्जनबाई म्हणाल्या, थांबा, सूज उतरू दे, इतकी वर्षं दबलेला मेंदू एका दिवसात उठून बसत नाही. मी म्हटलं, थांबते. घाई करायचा हक्क मी दहा महिन्यांपूर्वीच घालवला होता.

आठवड्यानं घरी आलो. पहिला महिना मी नुसते कान लावून काढला. संडासाला स्वतः जायला लागले. वर्तमानपत्राचं पान उलटायला लागले. एका संध्याकाळी पंख्याकडे बघून म्हणाले, “हा वाजतोय.” मी लेकीला फोन करून सांगितलं, तुझे बाबा पंख्याला वाजतोय म्हणाले, आणि आम्ही दोघी फोनवर हसत सुटलो. पुढच्या आठवड्यात जिना उतरून खाली गेले. फळ्यासमोर उभे राहिले. नव्या सेक्रेटरीनं लिहिलं होतं, “कृपया सर्व सभासदांनी सहकार्य करावे ही विनंती.” हे बराच वेळ बघत होते. मी मागे श्वास रोखून उभी. “कशाला सहकार्य?” हे म्हणाले आणि वर आले. मला वाटलं, आता बोलतील. ते प्रकरणही काढतील. पण माझ्याशी बोलताना हे मऊच होते. माझ्या पोळीबद्दल चांगलं नाही, वाईट नाही, एक शब्द नाही. पंखा आला, फळा आला, मी आले नव्हते.

मग एक दिवस मी ठरवलं. दिवाळी आठवड्यावर आली होती. दुपारी आमटी केली, गोडा मसाला टाकला, आमसूल टाकलं, गूळ टाकला. हिंगाची डबी मांडणीवरून हलवलीच नाही. यांना वास येत नाही, हे मला माहीत होतं. तो येणारही नव्हता. तरी मी असं का केलं, ते मला नीट सांगता येणार नाही. दुसरी परीक्षा मला ठाऊक नव्हती.

ताट वाढलं. समोर बसले. यांनी वाटी उचलली, एक घोट घेतला, खाली ठेवली.

“हिंग नाही यात,” हे म्हणाले.

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. “तुम्हाला वास येतोय?”

“वास कुठला यायला? नाकाचं दुकान बंद झालंय. कान आहेत ना. डबीचं झाकण वाजलं नाही आज.” यांनी वाटी पुढे सरकवली आणि माझ्याकडे बघितलं. कपाळावरची जखमेची रेघ केसांत शिरलेली, आणि तिच्याखाली ते जुने, माल नापास करणारे डोळे. “पुन्हा परीक्षा घेतेस? मागच्या वेळी मी नापास झालो, तेव्हा निकाल दडवून ठेवलास. दहा महिने! आणि म्हणे शिक्षिका.”

यांना सगळं आठवत होतं. त्या दुपारी खाटेवर बसून असू दे गं म्हणाले होते, तेही आठवत असणार. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि मी ते पुसलंही नाही.

“चुकलं माझं,” मी म्हटलं.

“चुकलंच,” हे म्हणाले. “यापुढे मी कशालाही छान म्हटलं, की आधी रिक्षा बोलव. जा आता, फोडणी करून आण.”

मी स्वयंपाकघरात गेले. डबी काढली, चमच्याचा दांडा लावला, झाकण टक् करून वाजलं. बाहेरून आवाज आला, “हं. आता टाक. आणि मूठभर नको.”

त्याला आता दोन वर्षं झाली. दरवर्षी एमआरआय होतो, गाठ पुन्हा वाढलेली नाही. सेक्रेटरीपद यांनी परत घेतलंय आणि वरच्या बाईंची कुंडी हललीय. माझ्या एकाही पदार्थाला यांनी त्यानंतर छान म्हटलेलं नाही. मी रोज ऐकत असते.